मांगराच्या दारातून हाक

सन दोन हजार पंचवीस. मला पंचाहत्तरावं चालू होतं. गुडघे सोडले तर बाकी सगळं जागच्या जागी होतं, कान तर सगळ्यात शाबूत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते कानाचंच आहे.

आमची वाडी रत्नागिरीहून पावसकडे जाताना उजव्या हाताला, सुरूच्या बनाखाली. तिथे आता काचेची एक इमारत आहे. फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत यायचा जो खेळ आहे, सर्फिंग म्हणतात, तो पोटासाठी खेळणाऱ्या खेळाडूंची संघटना आहे, तिचं हे मुख्य ऑफिस. कुठकुठची पोरं येतात. केस उन्हाने तांबडे झालेली, पायात चप्पल नसलेली, आणि तरी श्रीमंत. जागा वाडीने कशी दिली, कोण पुढे झालं, कोण तेव्हा गप्प बसलं, त्यात मी पडत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की त्या इमारतीच्या खाली आमचा मांगर आहे.

मांगर म्हणजे जाळी ठेवायची जागा. झावळ्यांनी शाकारलेली, लांबच लांब, एका अंगाला दार आणि ते दर्याकडे. वाडीचं रापणीचं जाळं त्यात असायचं. ते एकट्यादुकट्याचं नसे, साऱ्या वाडीचं मिळून असे. होडीतून नेऊन पाण्यात अर्धा चंद्र काढल्यासारखं सोडायचं आणि दोन्ही टोकं धरून सगळ्यांनी किनाऱ्यावरून ओढायचं. म्हातारे, पोरं, पोटुशी बाईसुद्धा दोराला हात लावून जायची.

इमारत झाल्यापासून मी तिच्या पायरीला पाय लावला नव्हता. समोरून जायची वेळ आली तर सुरूंमधून वळसा घ्यायचो. माझी नात मानसी, थोरल्या मुलाची, ती मात्र दिवसभर तिथेच. तिचा बाप मुंबईत नोकरीला, आई इथे मासळी विकते, आणि पोर मला सांभाळायला ठेवलेली. कोण कोणाला सांभाळत होतं ते दर्यालाच ठाऊक.

“आजा, तिकडे चहाचं मशीन आहे. बटण दाबलं की चहा येतो,” ती मला लालूच दाखवायची.

“आपल्याकडे बटण न दाबता येतो. तुझ्या आईला विचार.”

“तू एकदा बघायला तरी ये ना मला. सगळ्यांचे घरचे येतात.”

“लाटेत काय बघायचं? लाट ओलांडून पलीकडे जायची असते. तुमी लोक तिच्यावर बसून परत येता. मग गेलात कशाला?”

ती हसायची. तिचं हसणं माझ्या आईसारखं आहे. आईचं हसणं मी कमी वर्षं पाहिलं, पण ओळखतो.

त्या वर्षी नवरात्र उलटल्यावर संघटनेने आमच्याच किनाऱ्यावर मोठी शर्यत ठेवली. मानसीला पहिल्यांदा मोठ्यांच्यात उतरायचं होतं, तेही आपल्या वाडीसमोर. आदल्या दिवशी सराव होता. मी पडवीत बसून गळाचे आकडे घासत होतो. दुपार कलली होती, दर्याची गाज वाढली होती. आणि एकाएकी त्या गाजेच्या वरून, आभाळातून पडावी तशी हाक आली.

“मानसी! मानसी!”

ऑफिसच्या गच्चीवरचा भोंगा होता. माझ्या नातीचं नाव घेऊन तो दर्याकडे तोंड करून ओरडत होता. आणि नात पाण्यात होती. पाठमोरी.

माझ्या हातातला आकडा बोटात गेला तो मला रक्त बघितल्यावर कळला.

आमच्या वाडीत एक रीत होती. आता उरली आहे की नाही, मला विचारू नका, माझ्या घरात आहे. माणसाचा पाय एकदा पाण्यात भिजला की त्याला मागून हाक मारायची नाही. काही विसरलं असेल, घर पेटलं असेल, तरी नाही. हाक ऐकून माणूस अर्धा मागे वळतो आणि अर्धाच पुढे जातो, आणि अर्धा आलेला माणूस दर्या ठेवून घेतो, असं जुनी माणसं सांगत. पाय कोरडे असतील तोवर थांबवायला हरकत नसे. पण तेही मागून नाही. बायका धावत वळसा घालून पुढे जायच्या आणि नवऱ्याच्या समोर नुसत्या उभ्या राहायच्या. वाळूत अशी धावणारी बाई दिसली की सगळे समजायचे, हिला काहीतरी वाटलं आहे. पुरुष शिव्या देत, पण परतत. पाय भिजलेला असला तर मात्र संपलं. मग बाईने उभं राहायचं, दुसरं काही नाही.

मी बोट धोतराला पुसलं आणि निघालो. वळसा घेतला नाही.

काचेचं दार आपोआप उघडलं. आत थंड. भिंतीला फळ्या उभ्या करून ठेवलेल्या, माझ्यापेक्षा उंच, रंगीत. आणि एक वास. फळीवर पाय घसरू नये म्हणून मेण लावतात, त्या मेणाला नारळाचा वास असतो. पण आपल्या नारळाचा नव्हे; कधी न सोललेल्या, न खवलेल्या, कुठल्यातरी गोड नारळाचा. त्याच्या खालून ओल्या कपड्यांचा खारट वास. मी तिथे उभा राहिलो आणि माझ्या नाकाने त्या दोन्ही वासांखाली तिसरा वास शोधला. तो नव्हता. सिमेंट ओतल्यावर कसा असेल?

तिसरा वास ऐनाच्या झाडाच्या सालीचा. तेव्हा जाळी सुताची, तागाची. खाऱ्या पाण्यात कुजू नयेत म्हणून ऐनाची साल मोठ्या हंड्यात उकळायची आणि त्या तांबड्या काढ्यात जाळी बुडवायची. पावसाळा सरत आला की मांगराच्या मागे चुली पेटत. दिवसचे दिवस साऱ्या वाडीला तोच वास. बायकांचे हात कोपरापर्यंत तांबडे, जशी काही लग्नं आहेत. त्यात होडीला लावलेल्या मोरी माशाच्या तेलाचा वास मिसळे. ज्याला सवय नाही तो नाक दाबेल, आम्हाला भूक लागे. शाळेत माझ्याशेजारी कोणी बसत नसे. मास्तर म्हणाले, अंघोळ करून ये. मी म्हटलं, करूनच आलोय. चौथीनंतर मी शाळा सोडली ती त्या वासापायी नाही, पण त्या वासाची बाजू मी घेतली, हे खरं.

पावसात होड्या पालथ्या घालून झावळ्यांनी झाकलेल्या असत. आम्ही पोरं त्यांच्या पोटात शिरून बसायचो. वर पाऊस लाकडावर वाजायचा, आत अंधार, तेलाचा वास आणि कोणाच्या तरी फडक्यात भाजलेल्या काजूबिया. होडीच्या पोटात बसलं की गाज वेगळी ऐकू येते. पायांतून येते. बाबा म्हणायचे, ही गाज ओळखायला शीक. दिवसाची वेगळी, अमावास्येची वेगळी, वारं फिरणार असलं की आणखी वेगळी. ते उंच होते. वाडीत सगळ्यात उंच. होडी पाण्यात लोटताना बाकीचे आधी चढायचे, बाबा शेवटी, पाणी छातीला लागेपर्यंत ढकलत राहायचे. म्हणून मला त्यांची पाठ जास्त आठवते. तोंड आठवायला बसावं लागतं.

“आजोबा, बसा की. हात का रक्ताळलाय ओ?”

ऑफिसातली बाई होती. शिंदेबाई. या सगळ्या कारभाराची मुख्य. मी तिचं बोलणं ऐकून ओळखलं.

“तुम्ही घाटावरच्या.”

“होय. पालीवरनं वर चढलं की आमचंच गाव लागतंय,” ती हसली. “लहानपणी समुद्र कॅलेंडरात बघितला होता. आता याच्याच नोकरीत आलोय. बसा, पट्टी लावते.”

“पट्टी नको. भोंगा बंद करा.”

“त्रास होतोय का आवाजाचा? उद्या एकच दिवस जरा—”

“आवाजाचा नाही. नावाचा. माझ्या नातीचं नाव पाण्याकडे तोंड करून घ्यायचं नाही.”

मी तिला रीत सांगितली. मी कोणाकडे कधी काही मागितलं नाही, तिच्याकडेही मागितलं नाही, सांगितलं. ती ऐकत राहिली. हसली नाही, हे तिचं मी मानतो. मग माझ्या बोटाला कापूस लावता लावता म्हणाली:

“आजोबा, मघाशी तिला का हाक मारली सांगू का? ती खडकाच्या बाजूला ओढली जात होती. तिच्या ध्यानात नव्हतं. आम्ही हाक मारली, तिने बघितलं, वळून आली. हाक मारली नसती तर पोरगी परत कशी आली असती, तुम्हीच सांगा.”

मी कापूस लावलेलं बोट मागे घेतलं.

“बरं, शर्यतीत आम्ही नावाऐवजी सदऱ्याचा रंग पुकारू. लाल, निळा. तेवढं करता येतंय. पण मागून हाक मारायचीच नाही म्हणाल, तर तिला पाण्यात सोडता येणार नाही मला. जिला परत बोलावता येत नाही अशा पोरीला मी आत कशी धाडू?”

मी उठलो. बाहेर आलो तो पायरीवर थबकलो. समोर काळा खडक, आणि त्याच्यामधली फट बरोबर सरळ रेषेत, पलीकडचं पाणी दिसेल अशी. ती फट अशी एकाच ठिकाणाहून दिसायची. मी मांगराच्या दारात उभा होतो.

मी तेव्हा लहान. नारळी पुनव होऊन गेली होती. दर्याला नारळ दिलेला होता, जाळी काढ्यातून निघून नवी कोरी झाली होती. सकाळची वेळ. आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती आणि मी शेजारी बसून पहिल्या भाकरीची वाट पाहत होतो. बाबा “येतो” म्हणून गेले होते. जातो असं कोणी म्हणत नसे. आईचा हात परातीत थांबला. तिने मान उचलली. काय ऐकलं, काय वाटलं, मला आजतागायत माहीत नाही. तिने कोणाला सांगितलं नाही. तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती उठली आणि धावली. मी मागे धावलो. मला वाटलं साप निघाला.

ती मांगराच्या मागून धावली, कडेने वळसा घालून पुढे जायचं म्हणून. दारात पोचली आणि थांबली. बाबांचे पाय भिजले होते. पाणी त्यांच्या कमरेला होतं. बाकीचे होडीत चढलेले, ते ढकलत होते. पाठमोरे.

आईने एका हाताने दाराचा खांब धरला. दुसऱ्या हाताने पदर तोंडात कोंबला. तिच्या गळ्यातून एक आवाज येत होता, तो तोंडापर्यंत येऊ देत नव्हती. मी तिच्याकडे बघत होतो, बाबांकडे नाही. म्हणून ते होडीत चढले ते मला दिसलं नाही. पुन्हा बघितलं तेव्हा पाण्यात कोणी नव्हतं. ती निघून गेल्यावर दाराच्या खांबावर तांदळाच्या पिठाची पाच बोटं उमटलेली होती. कोणी तरी ती नंतर पुसली.

होडी आली नाही. तिच्यातले दोघे मालगुंडच्या अंगाला किनाऱ्याला लागले, जिवंत. बाबा नाहीत. कसं झालं, कशाने झालं, वाडीत पुष्कळ बोलणं झालं. मी ते लिहीत नाही.

पुढे वाडीला आईचा अभिमान वाटू लागला. हे बाहेरच्याला कळणार नाही. नवी सून वाडीत आली की म्हाताऱ्या तिला आईकडे बोट दाखवून सांगत: बघ, हिला कळलं होतं, हिच्या डोळ्यांदेखत गेला, पण बाईने तोंडातून शब्द काढला नाही. आईला बायका मान देत. मलाही त्या मानातला वाटा मिळाला, त्या बाईचा मुलगा म्हणून. मी त्या मानावर वाढलो. माझ्या अंगात जो काही ताठा आहे तो तिथून आला आहे, आणि मी तो कोणापुढे सोडलेला नाही.

आई सुकी मासळी डोक्यावर घेऊन पालीच्या बाजाराला जायची. येताना तांदूळ. घाट उतरून आलेल्या लोकांशी हुज्जत घालायची, तिचा आवाज बाजारात या टोकाचा त्या टोकाला जायचा. खणखणीत आवाज होता. “आठवाभर तांदूळ द्या नायतर चालते व्हा!” हे तिचं वाक्य अजून माझ्या कानात आहे. घरी आली की मात्र तो आवाज दारातच काढून ठेवल्यासारखी बोलायची.

आणि ज्या संध्याकाळी गाज मोठी असे, त्या संध्याकाळी दिवा लावून झाला की ती मला विचारायची. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी लहान होतो.

“बाळा, तिथून हाक पोचली असती काय रे?”

“नाय गो आये. एवढ्या गाजेत कुठं पोचते?”

“मी काय नाव घेणार होते? नुसतं अवो म्हटलं असतं. अवोने कुठं ऐकू जातंय.”

“नाय जात.”

“होय ना?”

“होय.”

मग ती उठून ताटं घ्यायची. मी मिसरूड फुटलेला झालो तरी विचारायची, माझं लग्न झालं तरी विचारायची, डोळे गेले तेव्हा अंथरुणावरून विचारायची. शब्द तेच. मी उत्तर तेच द्यायचो, आणि मला ते खरंच वाटायचं. कधी पारखून बघितलं नाही. पारखायचं कसं? त्यासाठी कोणाला तरी पाण्यात उभं करून मागून हाक मारावी लागली असती. आणि मोठा झाल्यावर एक गोष्ट मला कळली होती. हाकेने काही वाईट होत नाही असं जर निघालं, आणि हाक पोचते असं जर निघालं, तर त्या बाईने पदर चावला तो कशासाठी? साऱ्या वाडीने तिला मान दिला तो कशासाठी?

तेव्हा मी रीत धरून ठेवली. वाडीतल्या लोकांनी सोडली. मोटारीच्या होड्या आल्या, खिशात फोन आले, बायका भर समुद्रात नवऱ्याला फोन करून विचारू लागल्या, कांदे आहेत का घरात. रापण थांबली. मांगराचं छप्पर एका वाऱ्यात उडालं, मग खांब कोणी नेले, मग नुसती जागा. मी माझ्या घरात मात्र कोणाला मागून हाक मारू दिली नाही. माझ्या बायकोने कधी मारली नाही. मुलाला चिडवायचे, तुमच्याकडे माणसं काय टाळ्या वाजवून बोलावतात काय. बोलावत असू. कोणाच्या बापाचं काय जातंय?

त्या संध्याकाळी मानसी घरी आली ती तणतणत आली. केस ओले, तोंड सुजलेलं.

“आजा, तू ऑफिसात जाऊन काय बोललास?”

“जे आहे ते.”

“शिंदेमॅडम म्हणाल्या, घरच्यांचा होकार असेल तरच उतर. आईला विचारलं तर म्हणते आजाला विचार. बाबांना फोन केला, ते पण म्हणतात आजाला विचार. सगळी वाडी तुला घाबरते काय रे?”

“घाबरत नाही. ऐकते.”

“मी पण ऐकते. तू नको म्हणालास तर मी उद्या नाही उतरणार. नंतर पण नाही. पण तोंडाने सांग. असं भिंतीकडे बघून नाही.”

मी भिंतीकडेच बघत होतो. बाहेर गाज होती. मोठी, वाऱ्यावर असलेली. ती गाज मला ओळखीची होती.

“तुला मघाशी हाक ऐकू आली?” मी विचारलं.

“भोंग्याची? म्हणजे काय, मेलेला माणूस उठेल.”

“भोंगा नसता तर? नुसत्या तोंडाची?”

“माहीत नाही. पाण्यात असलं की कानात पाणीच असतं.” ती माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या अंगाला तो मेणाचा नारळ होता. “आजा, मला हाक आली ना, तेव्हा मला भीती नाही वाटली. उलट बरं वाटलं. कोणीतरी बघतंय असं वाटलं.”

तिने भाकरी वाढली, मी खाल्ली. हात धुताना मी तिला सांगितलं, “उद्या सकाळी शर्यतीच्या आधी माझ्याबरोबर खाली चल. मी पाण्यात उतरणार. तू त्यांच्या पायरीवर उभी राहा आणि मला मागून हाक मार. नुसत्या तोंडाने. मला ऐकू आली तर तू खुशाल उतर, त्यांनी कोणत्या नावाने ओरडायचं ते ओरडू दे. नाही आली तर माझी रीत बरोबर. मग पुन्हा विचारायचं नाही.”

“आणि तू खोटं बोललास तर?”

“मी?”

तिने जीभ चावली.

“आणि आजा म्हणू नको,” मी म्हटलं. “अवो म्हण.”

“अवो?” ती हसत सुटली, सुजलेल्या तोंडाने. “तू काय माझा नवरा आहेस? लोक काय म्हणतील मेल्या!”

“लोकांना सांग म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. पण अवोच म्हण.”

तिने कारण विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाली गेलो. मंडप घातलेले, झेंडे लावलेले, पण माणसं अजून गोळा व्हायची होती. शिंदेबाई हातात चहाचा पेला घेऊन दुरून बघत होती. मी मानसीला पायरीवर नेऊन उभी केली, खडकाची फट बरोबर दिसते तिथे. धोतर वर खोचलं आणि वाळूवरून खाली चालत गेलो. पाय भिजला. कितीतरी वर्षांनी मी असा, जाळ्यावाचून, होडीवाचून, नुसता पाण्यात चाललो होतो. लाटा गुडघ्यांना ढकलत होत्या, गुडघे कुरकुरत होते. पाणी कमरेला आलं. मी माझी उंची आणि बाबांची उंची मनात धरली आणि आणखी दोन पावलं पुढे झालो. थांबलो. पाठ किनाऱ्याकडे.

गाज होती. चारी बाजूंनी. तिच्यात दुसरं काही शिरेल असं वाटेना. मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, आये, बघ, मी तुला खोटं नाही सांगितलं.

मग आलं. आधी वाटलं पाखरू असेल.

“अवोऽऽ!”

बारीक होतं, पण अक्षर न् अक्षर होतं. अ वेगळा, वो वेगळा. लाटेच्या फुटण्याच्या मधोमध, जिथे गाज श्वास घेते तिथून ते आलं होतं आणि माझ्या पाठीला लागलं होतं. कोणी हात ठेवावा तसं.

मी वळलो नाही.

वळलो नाही की झालं होतं. मला कोणी विचारणार नव्हतं. म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही, बस. आई जिथे होती तिथेच राहिली असती, मानात. मी तिला दिलेली सगळी उत्तरं खरी राहिली असती. आणि पोर कोरड्या पायांनी घरी आली असती. मी समोर बघत राहिलो. डोळ्यांत खारं पाणी उडत होतं.

“अवोऽऽ!” पुन्हा. या वेळी जरा रागावून, बाजारात ओरडतात तसा.

तोही आला.

मग थोडा वेळ काही नाही. तिला वाटलं असणार, नाहीच पोचत. आणि मग ती अवो विसरली. तिचा आवाज फाटला होता, भ्यालेला होता. म्हाताऱ्याला काही झालं तर नाही असं तिच्या मनात आलं असावं.

“आजाऽऽ! ए आजाऽऽ!”

त्याही पोचल्या. सगळ्या पोचल्या.

मी मागे वळलो आणि बाहेर चालत आलो.